विद्यार्थ्यांतील नैराश्याचा प्रतिबंध : विचारांच्या प्रशिक्षणाची उपयुक्तता आणि मर्यादा

जुन्या आग्रा रस्त्याने ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीच्या पुलाआधी बाळकुम लागते. खाडीकाठचे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. कोलशेत परिसरातील कारखाने एकेक करून बंद पडत गेले, त्या जागांवर उंच निवासी संकुले उभी राहिली आणि पाड्यांतील बैठी घरे व वीस-पंचवीस मजली इमारती एकमेकींच्या शेजारी आल्या. या दोन्हींकडची मुले सकाळी एकाच नाक्यावर रिक्षाची वाट पाहतात. महाविद्यालय, त्यानंतर नौपाड्यातील किंवा स्थानक परिसरातील क्लास आणि रात्री उशिरा घर, असा त्यांचा दिनक्रम असतो. दहावी-बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या वर्षांत या मुलांपैकी काहींच्या मनावर जे मळभ दाटते ते वेळीच ओळखता येईल काय, आणि मुख्य म्हणजे ते दाटण्यापूर्वीच काही करता येईल काय, हा प्रश्न आता केवळ मनोविकारतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असते असे नाही आणि नैराश्य आलेला प्रत्येक विद्यार्थी त्या टोकाला जातो असे तर मुळीच नाही. तरीही नैराश्य हा त्यामागील एक महत्त्वाचा आणि बऱ्याच अंशी उपचार करण्याजोगा घटक आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. त्यानंतर कोविडची साथ आली. शाळा बंद झाल्या, आणि बाळकुममध्ये तर महापालिकेचे मोठे कोविड रुग्णालयच उभे राहिले. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर नैराश्य आणि चिंताविकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्याचा मोठा भार तरुणांवर पडला.

उदासी आणि नैराश्य

निकाल मनासारखा लागला नाही म्हणून चार दिवस जेवण न जाणे हे नैराश्य नव्हे. वैद्यकीय अर्थाने नैराश्य म्हणण्यासाठी लक्षणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक काळ असावी लागतात. मन खिन्न असणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे यांपैकी एक लक्षण आवश्यक असते. त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, स्वतःला नालायक समजणे, मृत्यूचे विचार येणे अशी लक्षणे दिसतात. किशोरवयात मात्र एक घोटाळा होतो. या वयात नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसते. ‘हल्ली फार उलट बोलायला लागलाय’ एवढीच घरच्यांची तक्रार असते. मुलगा अभ्यासाला बसतो, पुस्तक उघडे असते, पण पान पुढे सरकत नाही. त्याला आळस हे नाव मिळते आणि मग जे व्हायला नको तेच, म्हणजे उपदेश, सुरू होतात.

विचारांचे प्रशिक्षण म्हणजे काय

‘बोधात्मक प्रशिक्षण’ किंवा ‘कॉग्निटिव्ह ट्रेनिंग’ हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, त्यामुळे प्रथम त्यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. संगणकावर किंवा मोबाइलवर स्मरणशक्ती व अवधान यांचे खेळ खेळून मेंदूला सराव देणे हा एक प्रकार. त्याच्या जाहिराती भरपूर असतात. अशा सरावाने माणूस त्या खेळात तरबेज होतो हे खरे, पण त्याचा लाभ परीक्षेला, स्वभावाला किंवा मनःस्थितीला कितपत मिळतो याविषयीचा पुरावा क्षीण आहे. दुसरा प्रकार म्हणजे स्वतःच्या विचारांकडे पाहण्याचे, त्यांची पारख करण्याचे आणि ते बदलण्याचे शिक्षण. नैराश्याच्या प्रतिबंधाच्या संदर्भात ज्याचा गांभीर्याने अभ्यास झाला आहे तो हाच, आणि या लेखातही तोच अभिप्रेत आहे.

त्याची मुळे दोन अमेरिकन चिकित्सकांच्या कामात आहेत. अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली, तर ॲरन बेक (१९२१-२०२१) यांनी १९६० च्या दशकात नैराश्यग्रस्तांच्या विचारांतील ठरावीक चुका टिपून बोधात्मक उपचारपद्धती उभारली. बेक यांच्या निरीक्षणानुसार नैराश्यातील माणूस स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे एकाच काळ्या काचेतून पाहतो. एलिस यांचे म्हणणे असे की, घटना थेट भावना निर्माण करीत नाही. घटना आणि भावना यांच्या मध्ये माणसाचा दृष्टिकोन उभा असतो. घटना बदलणे हाती नसले तरी दृष्टिकोन तपासणे हाती असते.

मराठी वाचकाला ही विचारसरणी परकी नाही. मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि विवेकनिष्ठ मानसोपचार येथे रुजविला. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांचे चरित्र ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीतून मराठीत आणले. आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजेच आयपीएच ही संस्था स्थापन केली. डॉ. नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ हे पुस्तक याच तत्त्वज्ञानाची मराठीतील ओळख करून देते. करिअरच्या निमित्ताने विद्यार्थ्यांशी संवाद साधणारा ‘वेध’ हा या संस्थेचा उपक्रमही ठाण्यातच सुरू झाला आणि पुढे राज्यातील अनेक शहरांत पोहोचला. ज्या शहराचे नाव तेथील १९०१ सालच्या मनोरुग्णालयामुळे मराठी बोलण्यात थट्टेचा विषय झाले होते, त्याच शहरात मानसिक आरोग्याची भाषा शाळकरी मुलांपर्यंत नेण्याचे काम व्हावे, हा योगायोग बोलका आहे.

प्रत्यक्षात शिकवतात ते काय

समजा, बाळकुममधील एक विद्यार्थिनी बारावी विज्ञान शाखेत आहे. क्लासच्या सराव परीक्षेत तिला ७२० पैकी ३१० गुण मिळाले. यादी व्हॉट्सॲप गटावर आली आणि तिने फोन बंद करून ठेवला. तिच्या मनात ओळीने आलेली वाक्ये अशी असू शकतात : ‘माझे डॉक्टर होणे संपले. बाबांनी कर्ज काढून फी भरली, मी ती बुडवली. सगळे मला हसत असतील. माझ्यात काही दमच नाही.’ ही वाक्ये तिला विचार वाटत नाहीत, वस्तुस्थिती वाटतात. प्रशिक्षणाची पहिली पायरी हीच, की ती वाक्ये कागदावर उतरवायची आणि त्यांना ‘विचार’ म्हणून ओळखायचे.

दुसरी पायरी पारखीची. एका चाचणीवरून अख्ख्या भवितव्याचा निष्कर्ष निघतो काय? ‘सगळे’ म्हणजे नेमके कोण? त्यांच्या मनातले कळले कसे? गुण कमी पडले हे खरे, पण त्यावरून ‘मी कमी आहे’ हे कसे सिद्ध झाले? शेवटचा प्रश्न एलिस यांच्या मांडणीचा गाभा आहे. कृतीला गुण देता येतात, माणसाला नाही. ‘मला चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा आहे. ‘मिळालेच पाहिजेत, नाहीतर माझ्या जगण्याला अर्थ नाही’ हा हट्ट आहे. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते, आणि ते वाटायलाच हवे. हट्ट मोडला की माणूस मोडतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. हे ‘सकारात्मक विचार करा’ छापाचे शिक्षण नाही. ३१० गुणांना चांगले म्हणायला या विद्यार्थिनीला कोणी सांगत नाही. ‘गुण कमी आहेत, भौतिकशास्त्र कच्चे आहे, उरलेल्या काळात ते कितपत सुधारेल हे पाहावे लागेल आणि नाहीच जमले तर वैद्यकीयखेरीज दुसरे मार्ग तपासावे लागतील,’ हा विचार फारसा आनंददायी नाही, पण तो खरा आहे आणि त्याच्या आधाराने उद्या सकाळी उठता येते. भिंतीवर चिकटवलेल्या प्रेरणादायी सुविचारांत आणि या प्रशिक्षणात असलेला फरक तो हाच.

केवळ विचारांवर काम करून भागत नाही, म्हणून बहुतेक कार्यक्रमांत आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कृती वाढविणे. मन उदास झाले की माणूस खेळ, मित्र, गाणे एकेक करून सोडतो आणि त्यामुळे अधिक उदास होतो. हे चक्र उलटे फिरविण्यासाठी दिवसाच्या वेळापत्रकात लहान लहान आवडीच्या व उपयोगी कामांची आखणी करतात. दुसरी म्हणजे समस्या सोडविण्याचा सराव, म्हणजे अडचण नेमक्या शब्दांत मांडणे, पर्याय लिहिणे, एक निवडून करून पाहणे.

पुरावा काय सांगतो

अमेरिकेतील ओरेगन राज्यात ग्रेगरी क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या, पण पूर्ण विकार न जडलेल्या १५० शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना शाळा सुटल्यावर १५ गटसत्रे देण्यात आली. वर्षभरात प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी १४.५ टक्के मुलांना नैराश्याचा विकार जडला, तर इतरांत हे प्रमाण २५.७ टक्के होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन यांच्या गटाने निराशावादी विचारशैलीच्या २३१ नवागत विद्यार्थ्यांवर आठ आठवड्यांच्या कार्यशाळेचा परिणाम तीन वर्षे तपासला आणि निष्कर्ष १९९९ मध्ये मांडले. सौम्य-मध्यम नैराश्य व चिंता यांत घट दिसली, तीव्र नैराश्याबाबत मात्र ठोस फरक आढळला नाही.

२००९ साली ज्युडी गार्बर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. ज्यांच्या आई किंवा वडिलांना नैराश्याचा इतिहास होता आणि ज्यांच्या स्वतःतही जोखमीची चिन्हे होती अशी ३१६ किशोरवयीन मुले त्यात होती. नऊ महिन्यांत प्रशिक्षित मुलांत नैराश्याचे प्रमाण २१.४ टक्के, तर इतरांत ३२.७ टक्के आढळले. पण ज्या मुलांचे पालक त्या वेळी स्वतः नैराश्यात होते, त्यांना प्रशिक्षणाचा काहीच लाभ झाला नाही. मुलाला समुपदेशकाकडे पाठवून बाहेर बाकावर बसलेले वडील स्वतःच खचलेले असतील, तर उपचाराचा आरंभ कदाचित बाकापासून व्हायला हवा.

या यशामुळे साहजिकच एक कल्पना पुढे आली, की निवडक मुलांनाच कशाला, सगळ्या वर्गालाच हे शिकवावे. येथे मात्र निराशा पदरी आली. ब्रिटनमध्ये पॉल स्टॅलर्ड यांच्या गटाने आठ शाळांतील पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर वर्गातील बोधात्मक प्रशिक्षणाचा प्रयोग केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जोखमीतील मुलांच्या नैराश्यात घट झाली नाही. पुढे ‘मिरियड’ या प्रकल्पात ८५ शाळांमधील आठ हजारांवर मुलांपैकी सुमारे निम्म्यांना सजगतेचे म्हणजे माइंडफुलनेसचे धडे शिक्षकांमार्फत देण्यात आले. २०२२ साली जाहीर झालेला निकाल हाच, की नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ नाही. मुलांनी घरी सराव फारसा केलाच नाही आणि आधीपासून जोखमीत असलेल्या मुलांना उलट किंचित अपायच झाला असावा, अशी शंकाही अभ्यासकांनी नोंदविली.

याची कारणे कल्पिणे अवघड नाही. ज्या मुलाला ताप नाही त्याला तापाचे औषध देऊन ताप उतरल्याचे कसे दिसणार? शिवाय साठ मुलांच्या वर्गात, परिपाठ आणि गणित यांच्या मधल्या तासाला मनातले काय बोलणार? ज्याला खरोखर काही सलत असते तोच तेथे गप्प बसतो.

भारतातील अनुभव

आपल्याकडील दोन अभ्यास उल्लेखनीय आहेत, आणि दोन्हींत गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेचा मोठा वाटा आहे. पहिला बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांतील ‘सेहर’ प्रकल्प. तेथे केवळ विचारांचे प्रशिक्षण नव्हते. शाळेचे एकूण वातावरण सुधारणे, छळ रोखणे, तक्रारपेटी, भित्तिपत्रक आणि गरजूंना समुपदेशन असा व्यापक कार्यक्रम होता. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी राबविला, काहींत शाळेतल्याच शिक्षकांनी. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले आणि मुलांतील नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांनी राबविलेल्या शाळांत असा फरक पडला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहार यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या शिक्षकावर आणखी एक काम टाकले की त्याचे जे होते तेच झाले. आणि जो गुण देतो, त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलांना जड जाते हेही आहेच.

दुसरा अभ्यास दिल्लीतील सरकारी शाळांतील. मदतीची गरज असलेल्या २५१ विद्यार्थ्यांपैकी काहींना समस्या सोडविण्याच्या पद्धतीवर चित्रमय पुस्तिका दिल्या, तर काहींना पुस्तिकांच्या जोडीला समुपदेशकाबरोबर चार-पाच छोट्या भेटी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, भेटी मिळालेल्या मुलांना आपल्या समस्यांचा जाच लक्षणीय कमी वाटला. मानसिक लक्षणांत मात्र सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. यश मर्यादित खरे, पण खर्च अल्प आणि समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नसूनही हे साधले.

मर्यादा

या पद्धतीचा एक धोका सांगितलाच पाहिजे. ‘तुझा दृष्टिकोन चुकीचा आहे’ हे वाक्य चुकीच्या ठिकाणी वापरले तर ते क्रूर ठरते. वर्गात जातीवरून हिणविले जाणारे मूल, वसतिगृहात रॅगिंग सोसणारा विद्यार्थी, घरी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सहन करणारी मुलगी यांच्या दुःखाचे मूळ त्यांच्या विचारांत नसते. तेथे आधी परिस्थिती बदलावी लागते आणि त्यासाठी तक्रार, कायदा, प्रसंगी पोलीस हाच उपाय असतो. तसेच फीचे कर्ज हा दृष्टिकोन नसून आकडा असतो. एलिस यांनीही अन्याय सोसायला कधी सांगितले नाही. शांत डोक्याने त्याचा प्रतिकार करता यावा, हे त्यांना अभिप्रेत होते.

दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. प्रतिबंध आणि उपचार एक नव्हेत. नैराश्य पूर्णपणे जडले असेल तर केवळ कार्यशाळा पुरत नाही. अमेरिकेत ४३९ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध व बोधात्मक उपचार दोन्ही घेणाऱ्या ७१ टक्के मुलांत बारा आठवड्यांनी सुधारणा दिसली, तर केवळ बोधात्मक उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते. औषधाला घाबरून नुसत्या ‘समजावण्या’वर विसंबणारी कुटुंबे अनेक आहेत. मृत्यूचे विचार बोलून दाखविणाऱ्या मुलाला एकटे न ठेवणे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे, याला पर्याय नाही. असे विचार येतात का, हे थेट विचारल्याने ते डोक्यात भरतात, ही समजूतही निराधार आहे.

कायदा आणि सोयी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक उपचार मिळणे हा हक्क ठरला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा न करण्याची तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात शैक्षणिक संस्था व कोचिंग क्लासेससाठी बंधनकारक मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, जाहीर अपमान करू नये, असे त्यांत नमूद आहे. नाक्यानाक्यावर पहिल्या दहा मुलांचे फोटो लावणाऱ्या क्लासेसच्या बाबतीत या सूचनांचा अंमल कसा होतो, हे पाहण्यासारखे ठरेल.

बाळकुम परिसरातील कुटुंबांसाठी सार्वजनिक सोयी फार दूर नाहीत. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तेथे जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. आयपीएचसारख्या संस्थांत समुपदेशन मिळते. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. दूरध्वनी विद्यार्थ्याने स्वतः करावा असे बंधन नाही. पालक, शिक्षक किंवा मित्रही काय करावे हे विचारण्यासाठी तो करू शकतात.